१९४३ च्या विमानावर तिरंगी गोल नको, लाल पुसलेला निळा गोल हवा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या अंकात शहरातल्या एका प्रदर्शनाचा फोटो आलाय, लाकडी टायगर मॉथ विमानाचं मोठं मॉडेल आणि खाली ओळ, ‘दुसऱ्या महायुद्धात आपले वैमानिक ज्यावर शिकले ते विमान, १९४३’. फोटो रंगीत होता, आणि ते रंग बघून मला राहवलं नाही, दुपारी जेवण झाल्याबरोबर स्कूटर काढली आणि दांडिया बाजारातून थेट तिथे गेलो. हे पत्र त्या मॉडेलच्या रंगाबद्दल आहे. लांबलंय मला माहितीय, जमेल तेवढं छापा, जागाच नसेल तर निदान आयोजकांपर्यंत पोचवा एवढी विनंती, कारण पुढच्या महिन्यात शाळांची मुलं तिथे येणार असं दारावरच्या बोर्डावर लिहिलंय आणि त्याच्या आत हे दुरुस्त व्हायला पाहिजे.

आधी चांगलं आहे ते सांगतो. सुतारकाम फार सुंदर झालंय. दोन पंखांच्या मधले खांब, आडव्यातिडव्या तारांच्या जागी ताणलेला नायलॉनचा दोरा, पुढेमागे दोन कॉकपिट, लाकडाचे थर चिकटवून तासलेला पंखा, सगळं मापात. ज्याने केलं त्याचा हात बसलेला आहे, त्याचं नाव बोर्डावर यायला हवं होतं. पण रंगवणाऱ्याला बहुतेक कोणी काही सांगितलंच नाही. विमान कोणत्या देशाचं हे ओळखायची खूण म्हणून पंखांवर आणि अंगावर केशरी-पांढरा-हिरवा गोल काढलाय, तोसुद्धा उलटा, केशरी आत आणि हिरवा बाहेर. आख्खं विमान अगदी पोटासकट हिरव्या-तपकिरी पट्ट्यांनी भरून टाकलंय. आणि नाकावर लाल जबडा आणि पांढरे दात.

तिथे बसलेल्या मुलाला मी हे सांगितलं. तो नीट बोलला, उद्धटपणा अजिबात नाही, म्हणाला काका, पोरांना तिरंगा बघून बरं वाटतं, आणि रंगाने एवढा काय फरक पडतो. मला त्याचा राग आला नाही कारण त्याला कोणी सांगितलंच नसणार, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. फरक पडतो. आणि का पडतो हे सांगायला मला जमेल असं वाटतं, कारण मी स्वतः ३१ वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पेंट शॉपमध्ये काढली आणि माझे वडील त्या टायगर मॉथना स्वतःच्या हाताने रंग लावायचे.

आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो. ते १९४३ ते १९४६ हैदराबादला बेगमपेठला होते. तिथे हवाई दलाचं एक नंबरचं एलिमेंटरी फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल होतं, दोन नंबरचं जोधपूरला. पोरं तिथे टायगर मॉथवर पहिल्यांदा उडायची, मग अंबाल्याला पुढच्या शाळेत जायची, तिथे हार्ट, ऑडॅक्स आणि नंतर हार्वर्ड ही विमानं, आणि मग त्यातली कितीतरी पोरं हरिकेन ही लढाऊ विमानं घेऊन बर्माच्या आघाडीवर गेली. अण्णा पायलट नव्हते, ते फॅब्रिक सेक्शनला होते. टायगर मॉथला पत्रा फार थोडा असतो, बाकी सगळा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं लिननचं कापड, ते फाटलं की शिवायचं, खराब झालं की पूर्ण उतरवून नवीन मढवायचं, त्याला डोप नावाचं रोगण लावायचं म्हणजे ते ढोलासारखं ताणलं जातं, आणि त्यावर रंग आणि खुणा. हे त्यांचं रोजचं काम.

आता तिरंग्याचं. आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालं, १ एप्रिल १९३३ ला कराचीला ड्रिग रोडवर चार वापिटी विमानांवर पहिली तुकडी उभी राहिली, आणि पहिल्या दिवसापासून त्या विमानांवर ब्रिटिशांचा गोल होता, बाहेर निळा, मध्ये पांढरा, आत लाल. मार्च १९४५ मध्ये नावाला ‘रॉयल’ लागलं, २६ जानेवारी १९५० ला ते गेलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोडे दिवस पांढऱ्यावर निळं अशोकचक्र काढायचे, आणि आजचा तिरंगी गोल, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, तो त्याच्याही नंतरचा. म्हणजे १९४३ च्या विमानावर तिरंगा असणं शक्यच नव्हतं, आणि नव्हता हेच तर मुलांना कळायला पाहिजे ना! बेचाळीसच्या चळवळीत माझा एक चुलत काका तुरुंगात होता आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अण्णा बेगमपेठला इंग्रजांच्या विमानावर इंग्रजांचा गोल रंगवत होते, एकाच घरातली ही गोष्ट, आजी दोघांसाठी सारखीच देवापुढे दिवा लावायची. अण्णांना त्याचं ओझं होतं, ते म्हातारपणी एकदा बोलले की रंगवताना मी मनात म्हणायचो हे विमान आपल्याच पोरांना शिकवतंय. त्या विमानावर आज आपण तिरंगा काढला की हे सगळं पुसलं जातं, असं वाटायला लागतं की ती पोरं आपल्याच झेंड्याखाली मजेत उडत होती. तशी नव्हती उडत. परक्याच्या खुणेखाली शिकली आणि तीच पोरं पुढे आपलं हवाई दल झाली, १९४७ ला काश्मीरमध्ये अंबाल्याच्या ट्रेनिंग स्कूलमधली विमानं थेट लढाईत गेली. हे मोठं आहे, आणि ते खऱ्या रंगातच दिसतं.

बरं, तो गोल तरी कुठून आला. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी पंखाखाली आपला युनियन जॅक काढला होता. पण खालून बघणाऱ्या सैनिकाला त्यातला लाल क्रॉसच तेवढा दिसायचा, जर्मनांच्या विमानावरही क्रॉस, म्हणून त्यांचेच सैनिक त्यांच्याच विमानांवर गोळ्या झाडायला लागले. फ्रेंचांनी तोपर्यंत गोल काढायला सुरुवात केली होती, बाहेर लाल आणि आत निळा, इंग्रजांनी तोच उचलला आणि रंग उलटे केले. म्हणजे ही खूण पहिल्या दिवसापासून आपल्याच माणसाने आपल्याला मारू नये म्हणून आहे.

आणि पुढे १९४२ मध्ये हाच गोल अंगाशी आला. जपानच्या विमानावर लाल सूर्य, नुसता भरीव लाल गोल. इंग्रजांच्या गोलातलाही आतला भाग लाल. विमान वेगात समोरून गेलं की बाहेरचा गडद निळा कॅमोफ्लाजमध्ये, म्हणजे विमान लपवायला मारलेल्या हिरव्या-तपकिरी पट्ट्यांमध्ये, मिसळून जातो आणि डोळ्याला लाल ठिपकाच तेवढा पकडता येतो, पेंट शॉपवाला म्हणून सांगतो, लाल हा रंगच असा आहे की शेजारी काहीही असो नजर आधी त्याच्यावर जाते. अमेरिकेच्या पांढऱ्या चांदणीच्या मधोमधही एक छोटा लाल ठिपका असायचा, तो त्यांनी मे १९४२ मध्ये काढून टाकला. जून १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या एका फायटरने ऑस्ट्रेलियाच्या कॅटालिना विमानावर गोळीबार केला, त्याला गोलातला लाल बघून जपानीच वाटलं, त्यानंतर ऑस्ट्रेलियानेही लाल काढला. आपल्याकडे तर भीती दारातच आली होती, ५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर बॉम्ब पडले, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाड्याला, डिसेंबरमध्ये कलकत्त्याला. मग भारतातल्या विमानांवर आधी लाल पांढऱ्याने झाकला, तर तो पांढरा लांबून फार चमकायला लागला, झाडीतसुद्धा उठून दिसायचा, म्हणून तो फिकट निळा केला. बाहेर गडद निळा, आत फिकट निळा, दोनच रंग. शेपटीवरच्या उभ्या पट्ट्यांचंही तसंच, लाल गेला आणि गडद निळा नि फिकट निळा एवढंच राहिलं. बेगमपेठवर बॉम्ब पडले नाहीत, पण शिकाऊ विमान म्हणून त्याला कोणी सूट देत नाही, खाली तोफेवर बसलेल्या माणसाला वरचा शिकाऊ आहे की मुरलेला हे काय कळणार.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. अण्णांनी बेगमपेठहून येताना कापडाची एक पट्टी आणली होती, एका टायगर मॉथचं अंग नव्याने मढवताना उतरवलेल्या कापडातली, सव्वा फूट लांब आणि चार बोटं रुंद. आई तिला फडकं समजून दोनदा टाकायला निघाली होती. आता ती माझ्याकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. मागची बाजू बघितली तर विटकरी लाल, ते पहिलं डोप कापडाच्या विणीतून आरपार उतरलेलं आहे. कडेला जिथे भेग पडलीय तिथे त्याच्यावर चंदेरी थर दिसतो, ती ॲल्युमिनियमची पूड, उन्हाने लिनन कुजू नये म्हणून तो थर द्यायचेच. त्याच्यावर रंग. पट्टीच्या एका टोकाला दोन बोटं पिवळा, मग गडद निळा, मग फिकट निळा. आणि फिकट निळ्यावरून नख हळू फिरवलं की एका ठिकाणी अडखळतं. बारीक पायरी आहे तिथे, कमानीसारखी वळलेली. ज्याने आयुष्यभर मास्किंग टेप लावून रंग मारलाय त्याला ती पायरी लगेच कळते, खाली दुसऱ्या रंगाची कड आहे. आणि त्या कमानीच्या आतल्या बाजूला, अगदी टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडालाय आणि तिथून लाल दिसतो.

मी शाळेत असताना अण्णांनी तो दाणा मला पहिल्यांदा दाखवला. म्हणाले हा लाल मीच झाकला. हुकूम आला तेव्हा फिकट निळ्याचे डबे काही आले नव्हते, पांढऱ्यात निळा टाकून बादलीत काठीने ढवळायचे, त्यामुळे प्रत्येक विमानाचा निळा थोडा वेगळा, कुणाचा आकाशी तर कुणाचा राखाडीकडे झुकलेला. पावसाळ्यात तर अजून त्रास, दमट हवेत डोप लावलं की त्याच्यावर पांढरी झाक येते, आमच्याकडे एनसी लॅकरला तेच व्हायचं आणि आम्ही त्याला ब्लशिंग म्हणायचो, अण्णा नुसतं ‘पांढरं पडलं’ म्हणायचे, मग ते पुसून परत लावायचं. डोपचा वास पिकलेल्या केळ्याच्या एसेन्ससारखा, डोकं धरायचं त्याने, शेडचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवूनही. कित्येक वर्षं घरात केळ्याचं आइस्क्रीम आणलं की अण्णा उठून बाहेर जायचे.

संपादक साहेब, त्या मॉडेलवरचा तिरंगी गोल बघितला तेव्हा मला हा तांदळाएवढा लाल आठवला, म्हणून एवढं लिहितोय.

आता पिवळ्याबद्दल, कारण पोटाला हिरवा लावणं ही चूक गोलाएवढीच मोठी आहे. शिकाऊ विमान पिवळं असतं ते दुसऱ्यांना सावध करायला. आपण नवीन गाडी शिकताना मागे लाल रंगात ‘एल’ लावतो, मागचा माणूस अंतर ठेवतो, तसंच. टायगर मॉथ ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास जाणारं विमान, १३० हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे इन्स्ट्रक्टर आणि मागे शिकणारा पोरगा, रेडिओ नाही, दोघं एकमेकांशी रबराच्या नळीतून बोलणार. एकाच मैदानाभोवती अशी किती तरी विमानं घिरट्या घालतायत आणि प्रत्येकात एक नवशिका बसलाय. तिथे डोळ्याला लांबून दिसणं हाच जीव वाचवायचा उपाय. शेताच्या हिरव्यावर, मातीच्या तपकिरीवर आणि ढगाच्या पांढऱ्यावर, तिन्हीवर उठून दिसेल असा रंग म्हणून पिवळा. युद्धाच्या आधी इंग्रजांचे ट्रेनर नखशिखांत पिवळे असायचे.

मग १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि जर्मन विमानं इंग्लंडच्या कुठल्याही मैदानावर येऊ शकतील अशी वेळ आली. मैदानात ओळीने उभी पिवळी विमानं वरून म्हणजे हळदीचे ठिपकेच. तेव्हा त्यांनी काय केलं बघा, वरची बाजू गडद माती आणि गडद हिरवा अशा कॅमोफ्लाजने रंगवली, आणि खालची बाजू पिवळीच ठेवली. वरून शत्रू बघणार, त्याच्यापासून लपायचं, खालून आणि बाजूने आपली माणसं बघणार, त्यांना दिसायचं. एकाच विमानाच्या दोन बाजूंना दोन उलट कामं. मला रंगाच्या कामात याच्याइतकी हुशारीची गोष्ट दुसरी आठवत नाही. आणि अजून बारकावा म्हणजे टायगर मॉथला पंख दोन, वरच्याची सावली खालच्यावर पडते, सावलीत गडद रंग आणखी काळा दिसतो, म्हणून खालच्या पंखाच्या वरच्या बाजूला तेच रंग एक शेड फिकट मारायचे, फिकट माती आणि फिकट हिरवा. सावलीचा हिशोब धरून रंग मिसळलाय! आमच्या शॉपमध्ये कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो. इंग्लंडमध्ये तर पंखावर एक पिवळट हिरवा चौकोनही काढायचे, त्या रंगावर मस्टर्ड गॅसचा थेंब पडला की रंग बदलायचा, म्हणजे विषारी वायू आला हे रंगाने सांगायचं.

म्हणून म्हणतो, आपल्या मॉडेलच्या वरच्या बाजूला कॅमोफ्लाज राहू दे, ते खोटं नाही. पण पोट आणि पंखांच्या खालच्या बाजू हिरव्या केल्या की ते शिकाऊ विमान राहतच नाही. मॉडेल छताला टांगलंय, येणारी मुलं खालूनच बघणार, म्हणजे जो रंग मुद्दाम खालून बघणाऱ्यासाठी होता नेमका तोच तिथे नाही.

बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या आर्मीचे स्टिअरमन नावाचे ट्रेनर निळ्या अंगाचे आणि पिवळ्या पंखांचे, शेपटीवर लाल-पांढरे पट्टे, नौदलाचे पूर्ण पिवळे. कॅनडात कॉमनवेल्थच्या हवाई प्रशिक्षण योजनेत १ लाख ३० हजारांहून जास्त लोक शिकले, त्यांची हार्वर्डसुद्धा पिवळीधमक. जपानच्या नौदलाची शिकाऊ विमानं नारिंगी, त्यांना ते लोक अकातोंबो म्हणायचे, म्हणजे लाल चतुर, पावसानंतर सूरसागरच्या काठावर उडतो ना तसा. युद्ध हरायला आल्यावर त्यांनीही वरून हिरवा रंग फासला, आणि शेवटी शेवटी असल्या शिकाऊ विमानात बॉम्ब बांधून पोरांना मरायला पाठवलं, २९ जुलै १९४५ ला ओकिनावाजवळ अमेरिकेची कॅलाघन ही विनाशिका अशाच एका लाकडी-कापडी दुपंखी विमानाने बुडवली. नारिंगी रंग दिला होता तो पोरांचा जीव वाचावा म्हणून. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

युद्धानंतर इंग्रजांचे ट्रेनर चंदेरी झाले आणि त्यावर पिवळे पट्टे आले, पुढे १९९० नंतर त्यांनी चक्क चकचकीत काळे केले कारण आकाशावर काळा जास्त लवकर नजरेत भरतो असं अभ्यासात आलं. आपल्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी बेंगळुरूला एचटी-२ हे आपलं स्वतःचं शिकाऊ विमान घडवलं, ते १९५१ ला उडालं. तिरंगी गोलवाला ट्रेनर मुलांना दाखवायचाच असेल तर त्याचं मॉडेल शेजारी ठेवा ना, तिथे तिरंगा हक्काचा आहे. आणि ज्या कारखान्यात ते घडलं तो डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी सुरू केला होता हेही त्याच बोर्डावर लिहिता येईल, तिथे १९४१ मध्ये जोडलेलं पहिलं विमान हार्लो नावाचं, तेही ट्रेनरच.

दातांचं राहिलं. शार्कचे दात युद्धात रंगवले जायचे हे खरं, आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांच्या ११२ नंबरच्या स्क्वाड्रनने आणि चीन-बर्माकडे अमेरिकनांच्या फ्लाइंग टायगर्सने. टायगर हे नाव बघून कोणीतरी दोन्ही एक समजलं असणार, होऊ शकतं. पण टायगर मॉथमधला मॉथ म्हणजे पतंग. हे विमान बनवणाऱ्या जेफ्री डी हॅविलँड यांना फुलपाखरं-पतंगांचा नाद होता, म्हणून त्यांच्या विमानांची नावं मॉथ, आणि टायगर मॉथ हा अंगावर पट्टे असलेला एक पतंग आहे, दिव्यावर येतो तसा, दात नसलेला. ज्या विमानावर पोरगा पहिल्यांदा एकटा उडतो, हात थरथरत असतात, त्याला असलं भयंकर तोंड कशाला.

आणि हे सगळं बडोद्यात नीट व्हावं असं मला जास्त वाटतं त्यालाही कारण आहे. १९४१ मध्ये स्कॉटलंडला इंग्रजांचं १२४ नंबरचं स्क्वाड्रन पुन्हा उभं राहिलं, स्पिटफायर या लढाऊ विमानांचं, बडोदे संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे त्याला ‘बडोदा’ हे नाव मिळालं आणि त्याच्या चिन्हावर मुंगूस आहे. आपल्या गावाचं नाव घेऊन विमानं लढली, आणि राजवाड्यासमोर रोज फिरायला जाणाऱ्या दहा जणांना मी विचारलं तर एकालाही माहिती नव्हतं. आज इथेच सी-२९५ या मालवाहू विमानांचा कारखाना आहे, २८ ऑक्टोबर २०२४ ला उद्घाटन झालं, हवाई दलाची ४० विमानं इथे बनणार आहेत आणि प्रत्येकावर शेवटी कोणीतरी स्टेन्सिल धरून तो गोल काढणार आहे. प्रदर्शनाला येणाऱ्या मुलांपैकीच कोणाच्या तरी हातात ते काम येईल. त्यांना केशरी बाहेर की आत हे लहानपणीच चुकीचं दाखवू नका.

आयोजकांना माझं म्हणणं एवढंच आहे की मॉडेल उतरवायचीही गरज नाही, घोडा, म्हणजे उंच शिडी, लावून जागेवर काम होईल. पोट, अंगाच्या दोन्ही बाजू आणि पंखांची खालची बाजू पिवळी करायची, पिवळा लिंबू नको, पिकल्या आंब्याकडे झुकणारा हवा. वरचा कॅमोफ्लाज ठेवायचा, फक्त खालच्या पंखावरचे दोन रंग फिकट करून घ्यायचे. सगळे गोल घासून काढून बाहेर गडद निळा आणि आत फिकट निळा, शेपटीवर त्याच दोन रंगांचे उभे पट्टे. फिकट निळा बाजारातला तयार घेऊ नका, पांढऱ्यात निळा टाकून तिथेच ढवळू, थोडा कमीजास्त झाला तर तोच खरा. खर्च दोन-तीन हजारांच्या वर जाणार नाही, रंगाचे पैसे मी देतो, मजुरी मला नको.

एका गोलात आधी लाल भरायचा आणि तो वाळला की त्यावर फिकट निळा मारायचा, आणि एका जागी थोडासा खरवडून ठेवायचा, जमिनीपासून मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, खालच्या पंखाचं टोक तेवढं खाली येतं, मी मोजून आलोय. शेजारी अण्णांची पट्टी काचेखाली ठेवायला मी देईन, प्रदर्शन संपेपर्यंत.

तुम्हीही फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापलीत तर बरं होईल, ‘१९४३’ ठेवायचं असेल तर नवीन रंगातला फोटो घ्या. मी शनिवारी सकाळी नऊ वाजता ब्रश, टेप आणि सँडपेपर घेऊन तिथे जातोय. आधी दात काढायला लागतील, लाल इनॅमल जाड बसलंय, घासायला वेळ लागणार.

आपला,
एक जुना वाचक आणि निवृत्त पेंटर
दांडिया बाजार, वडोदरा